अपडेट अडवून ठेवलेली थीम: एका वाचनालयाच्या वेबसाइटचं प्रकरण

बेळगाव तालुक्यातल्या एका गावच्या मराठी वाचनालयाची ही वेबसाइट. वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या प्रणालीवर उभी केलेली, थीम (म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या फायलींचा संच) वर्डप्रेसच्याच संग्रहातली मोफत, आणि त्या थीमच्या फायलींत गावातल्याच एका मुलाने हाताने केलेले बदल. मुलगा तेव्हा बेळगावात इंजिनिअरिंगला होता, आता पुण्यात नोकरीला आहे. जाताना त्याने वाचनालयाच्या कार्यवाहांना एकच गोष्ट बजावली होती: थीमच्या अपडेटचं बटण दाबायचं नाही, दाबलं की सगळं जाईल. कार्यवाह निवृत्त शिक्षक, सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. सांगितलेलं काटेकोर पाळणारा माणूस. ते बटण पुढे कुणी दाबलं नाही, आणि थीम आवृत्ती १ वर राहिली. थीमकार, म्हणजे ती थीम बनवणारा, तिकडे आवृत्ती ३ वर पोचला.

साइट छोटी असली तरी रोजच्या वापरातली आहे. आमच्या सीमाभागात हिवाळा म्हणजे ग्रामीण साहित्य संमेलनांचा हंगाम. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कारदगा, अशी गावोगावी संमेलनं होतात. सकाळी ग्रंथदिंडी, मग उद्घाटन, परिसंवाद, कथाकथन, शेवटी कविसंमेलन. या वाचनालयाचंही आपलं एक दिवसाचं संमेलन असतं. आजवरच्या प्रत्येक संमेलनाचं एक पान साइटवर आहे: अध्यक्षीय भाषण, फोटो, स्मरणिकेची पीडीएफ. मुंबई-पुण्याला गेलेली गावची मंडळी ही पानं व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना पाठवत असतात. त्यामुळे काम हातात घेताना पहिली अट अशी होती की पानांचे पत्ते बदलता कामा नयेत. ग्रुपांत फिरलेल्या जुन्या लिंका परत कुणी दुरुस्त करत बसणार नाही.

अपडेट टाळणं कुठे अडलं

होस्टिंग कंपनीची मेल आली की सर्व्हरवरची पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) ७.४ काढून ८ च्या पुढची आवृत्ती बसवणार. कंपनीचं म्हणणं रास्त होतं, ७.४ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबलंय. गुरुजींनी मेल मला पाठवली. मी साइटची प्रत माझ्या संगणकावर उतरवून नव्या पीएचपीवर चालवून पाहिली, तर पानाऐवजी गंभीर त्रुटीचा संदेश. चुकांच्या नोंदीत कारण एका ओळीत होतं: 'क्रिएट फंक्शन' नावाचं फंक्शनच अस्तित्वात नाही. पीएचपी ७.२ मध्ये ते कालबाह्य ठरवलं गेलं आणि २०२० च्या अखेरीस आलेल्या ८.० मध्ये काढूनच टाकलं. जुन्या थीमा विजेट नोंदवायला ते सर्रास वापरायच्या. थीमच्या नव्या आवृत्तीत ती ओळ कधीच बदलली होती. ती आपल्यापर्यंत पोचायला मात्र अपडेटच करावं लागणार होतं.

समितीच्या बैठकीत तीन मतं पडली. एक म्हणजे ती एक ओळ दुरुस्त करा आणि सोडून द्या. हे स्वस्तातलं, पण आज ही ओळ, उद्या दुसरी. आणि मधल्या वर्षांतल्या सुरक्षेच्या दुरुस्त्या बाहेरच राहणार. दुसरं, जुनं सोडा, नवीन साइट करून घ्या. पैशांचा आकडा ऐकल्यावर हे मत आपोआप मागे पडलं. तिसरं मत खुद्द गुरुजींचं: "अपडेट करा, आणि मग काय काय गेलं ते बघून परत लावा." ऐकायला हे ठीक वाटतं. पण काय गेलं हे कळायला आधी काय होतं ते ठाऊक हवं, आणि ते नेमकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलाला फोन केला. बिचाऱ्याने आठवेल तेवढं सांगितलं: वर कानडी नाव टाकलं, तारखा मराठीत केल्या, संमेलनाची पानं केली, "आणि सीएसएसमध्ये बरंच काहीतरी."

सीएसएस म्हणजे साइटचे रंग, आकार, अंतरं ठरवणारे नियम. हे 'बरंच काहीतरी' म्हणजेच या प्रकरणातलं खरं काम. थीम अपडेट करणं दोन मिनिटांचं आहे. आपण थीमशी काय केलंय याचा हिशोब नसतो, म्हणून लोक त्याला घाबरतात.

अपडेटमध्ये नेमकं काय होतं हे समितीला सांगावं लागलं. वर्डप्रेस थीमच्या फायली एकेक करून दुरुस्त करत नाही. नवी झिप फाइल उतरवतं, बाजूला उलगडतं, थीमचं जुनं फोल्डर हटवतं आणि त्या जागी नवं ठेवतं. जुन्या फोल्डरातल्या आपल्या ओळी फोल्डराबरोबर जातात. गुरुजींना हे लगेच पटलं: "म्हणजे मंडपवाल्याच्या कापडावरच आपण नाव रंगवलं होतं म्हणा की. मंडप उतरला, नावही गेलं." २०२३ च्या वर्डप्रेस ६.३ पासून अपडेटच्या वेळी जुनी थीम तात्पुरती बाजूला ठेवायची सोय आली आहे. पण ती अपडेट मधेच फसलं तर जुनं परत आणण्यासाठी. अपडेट नीट पार पडलं की ती प्रत काढून टाकली जाते. त्यावर विसंबून बटण दाबणाऱ्यांसाठी एवढी नोंद.

फरक शोधणं

सगळ्यात आधी पूर्ण बॅकअप, फायली आणि डेटाबेस दोन्ही, आणि तो सर्व्हरवर न ठेवता खाली उतरवून घेतलेला. मग थीमची मूळ आवृत्ती मिळवली. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची: तुलना करायची ती साइटवर बसलेल्या आवृत्तीच्याच मूळ प्रतीशी. ताज्या आवृत्तीशी केली तर थीमकाराने केलेले बदल आणि आपले बदल एकमेकांत मिसळतात आणि काहीच उमगत नाही. वर्डप्रेसच्या संग्रहात थीमच्या जुन्या आवृत्त्यांच्या झिप राहतात, त्यामुळे आवृत्तीचा आकडा 'स्टाइल.सीएसएस' या फायलीच्या डोक्यावर वाचून तीच झिप उतरवता आली. विकत घेतलेली थीम असती तर विक्रेत्याकडे जुनी आवृत्ती मागावी लागली असती.

दोन्ही फोल्डर विनमर्ज या फायलींतला फरक दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये समोरासमोर ठेवले, तर जवळजवळ प्रत्येक फाइल लाल. एखाद्याने इथेच हात टेकले असते. मुलाने थीमची प्रत्येक ओळ बदललेली नव्हती. फायली कधीतरी विंडोजवर उघडून परत चढवल्यामुळे ओळीच्या शेवटची अदृश्य चिन्हं बदलली होती, एवढंच. तुलनेत ओळींच्या शेवटांकडे आणि मोकळ्या जागांकडे दुर्लक्ष करायला सांगितलं आणि लाल रंग झरझर उतरला. उरल्या मोजक्या फायली: हेडर, फूटर, फंक्शन्स, एकेका लेखाचं पान आणि लेखांची यादी दाखवणाऱ्या फायली, स्टाइल, आणि थीमच्या मूळ झिपमध्ये नसलेली संमेलनाच्या पानाची एक फाइल.

फंक्शन्सच्या फायलीत एक गंमत निघाली. फायलीच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या अक्षराच्याही आधी, न दिसणारी एक खूण होती. जुनं नोटपॅड यूटीएफ-८ मध्ये फाइल साठवताना ती खूण आपणहून घालायचं. पीएचपीच्या फायलीत ती असली की पानाआधीच काहीतरी ब्राउझरकडे जातं. साइटचं आरएसएस फीड (नव्या लेखांची यंत्रांनी वाचायची यादी) का चालत नाही म्हणून गुरुजींनी कधीतरी त्या मुलाला विचारलं होतं, आणि त्याने होस्टिंगवाल्यांचं नाव घेतलं होतं. कारण इथे, या खुणेत होतं. फीड वाचणारे बरेच प्रोग्राम या बाबतीत फार सोवळे. फीडच्या मजकुराआधी भलतं काही आलेलं चालत नाही त्यांना.

कोणता बदल कुठे राहील

यादी समोर आल्यावर प्रत्येक बदलाला एकच प्रश्न विचारायचा: उद्या थीमच बदलली तर हे हवं का? हवं असेल तर ते प्लगिनमध्ये, म्हणजे वर्डप्रेसला जोडायच्या वेगळ्या पुरवणीत. फक्त या थीमपुरतं असेल तर चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमवर बसणाऱ्या आपल्या वेगळ्या छोट्या थीममध्ये. आणि कुणालाच नको असेल तर कचऱ्यात. तिसऱ्या ढिगात किती जातं ते बघून बरं वाटतं. हेडरमध्ये गूगल अ‍ॅनालिटिक्सचा जुना तुकडा होता. त्या जुन्या पद्धतीने नवी मोजदाद १ जुलै २०२३ पासून थांबलीय, तो काढला. फूटरमधला एक फोटो-स्लायडर कुठेच दिसत नव्हता पण दर पानावर त्याची स्क्रिप्ट उतरत होती, तोही गेला.

आता संमेलनं. मुलाने फंक्शन्सच्या फायलीत संमेलन नावाचा वेगळा पोस्ट-प्रकार नोंदवला होता. काम चोख केलं होतं, फक्त जागा चुकली. थीम अपडेट झाली असती तर डॅशबोर्डवरचा संमेलनांचा मेनू नाहीसा झाला असता, सगळ्या लिंका ४०४ (पान सापडत नाही) दाखवू लागल्या असत्या आणि गावात बोंब उठली असती की इतक्या वर्षांची संमेलनं उडाली. खरं तर लेख डेटाबेसात शाबूत असतात. त्यांचा प्रकार ओळखणारा कोड फक्त गेलेला असतो. हा कोड आहे तसा उचलून एका छोट्या प्लगिनमध्ये ठेवला. प्रकाराचं आतलं नाव आणि पत्त्यातला शब्द, दोन्ही अक्षरशः तेच ठेवले. आतलं नाव एका अक्षराने जरी बदललं तरी डेटाबेसातले जुने लेख कुणाचेच राहत नाहीत. नंतर सेटिंग्जमध्ये जाऊन कायमस्वरूपी दुव्यांचं पान एकदा नुसतं जतन केलं. त्याशिवाय नव्या जागेतून नोंदवलेल्या प्रकाराचे पत्ते लागतीलच असं नाही.

हे प्लगिन नेहमीच्या फोल्डरात न ठेवता 'एमयू-प्लगिन्स' या फोल्डरात टाकलं. तिथली फाइल वर्डप्रेस आपोआप चालवतं, आणि डॅशबोर्डवरून ती बंद करता येत नाही. समितीत दर निवडणुकीला माणसं बदलतात. हे काय आहे बुवा, म्हणून कुणी निष्क्रिय करून टाकलं की परत आपल्यालाच फोन.

तारखांचं काम जास्त नाजूक निघालं. वर्डप्रेसची भाषा मराठी केली की महिन्यांची नावं मराठीत येतात, आकडे मात्र इंग्रजीच राहतात. गुरुजींना ते खपत नाही. मुलाने लेखाच्या पानावर, यादीच्या पानावर, जिथे जिथे तारीख छापली जाते तिथे आकडे बदलणारी ओळ घातली होती. ती सगळीकडून काढून प्लगिनमध्ये एकच फिल्टर लावला: तारीख बाहेर पडताना ० ते ९ चे देवनागरी आकडे करायचे. नव्या थीमवर सगळं झकास दिसलं. पानाचा मूळ कोड उघडला तेव्हा लक्षात आलं की थीम तारीख दोनदा मागते. एकदा वाचकासाठी, आणि एकदा 'टाइम' या टॅगच्या आत यंत्रांसाठी, वर्ष-महिना-दिवस अशा ठरलेल्या साच्यात. आपला फिल्टर दोन्हींचे आकडे मराठी करत होता, आणि यंत्रासाठीची तारीख देवनागरीत म्हणजे त्या यंत्राच्या दृष्टीने तारीखच नव्हे. फिल्टरला तारखेचा साचाही हातात मिळतो. साचा यंत्राचा असेल तर काही न करता परत जा, अशी एक अट घातली. पडद्यावर याचा काहीच फरक दिसत नाही, म्हणून ही गोष्ट नजरेतून सुटते.

हेडरमध्ये दोन बदल होते. पहिला, मराठी नावाखाली कानडीतलं नाव. नोंदणी, अनुदान, ग्रामपंचायतीचे कागद, सगळं कानडीत चालतं. तिथला माणूस साइट उघडतो तेव्हा त्याला वाचता येणारं नाव वर दिसायला हवं, ही वाचनालयाची खरी गरज आहे. मुलाने ते थेट हेडरच्या फायलीत लिहिलं होतं. सगळे धडे सांगतात त्याप्रमाणे हेडरची फाइल चाइल्ड थीममध्ये उतरवून घेता आली असती, कारण चाइल्ड थीममध्ये त्याच नावाची फाइल असली की वर्डप्रेस मूळ थीमची सोडून तीच घेतं. मी ते टाळलं. उतरवून घेतलेली फाइल त्या दिवशी गोठते. थीमकाराने पुढे हेडरमध्ये काहीही सुधारलं तरी आपल्याला मिळत नाही. याच हेडरचं उदाहरण पाहा: पानाची बॉडी सुरू होताच प्लगिनांना काही घालता यावं म्हणून वर्डप्रेस ५.२ मध्ये, मे २०१९ ला, एक नवा हूक (कोड अडकवायची जागा) आला. नव्या थीमच्या हेडरमध्ये तो आहे, मुलाच्या हेडरमध्ये नाही. कानडी नावासाठी एवढा खटाटोप नकोच होता. सेटिंग्जमध्ये घोषवाक्याची जागा रिकामी पडली होती, तिथे कानडी नाव टाकलं. थीम ते नावाखाली दाखवतेच. हेडरच्या फायलीला हातही लागला नाही.

दुसरा बदल म्हणजे पानाची भाषा सांगणारी खूण. मुलाने कुठूनतरी तयार तुकडा घेऊन तिथे हिंदीची खूण पक्की लिहून टाकली होती. फाँटात मराठी वळणाची सोय असेल तर ब्राउझर या खुणेवरूनच ठरवतो की 'ल' आणि 'श' कोणत्या वळणाचे काढायचे. मूळ थीम ही खूण वर्डप्रेसच्या भाषा-सेटिंगवरून घेते, त्यामुळे बदल नुसता काढून टाकला आणि सेटिंग मराठी असल्याची खात्री केली. शीर्षकांतला 'श' त्या दिवशी आपल्या वळणाचा झाला. गुरुजींनी फोनवर मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "आता आमच्या पाटीवरच्यासारखा दिसतोय."

शिरोरेषा

सीएसएसमधलं 'बरंच काहीतरी' समजायला सोपी युक्ती केली. प्रयोगाच्या प्रतीवर नवी थीम कोणत्याही बदलाशिवाय चालू केली आणि काय खुपतं ते पाहिलं. खुपलं ते पहिल्याच नजरेत. वाचनालयाच्या नावातली अक्षरं एकमेकांपासून सुटी पडली होती, वरची रेघ जागोजागी तुटलेली, एखाद्या जुन्या पाटीचे टवके उडावेत तशी. खालची कानडी ओळ मात्र ठाकठीक. कारण साधं आहे. थीमकार शीर्षकांना अक्षरांमधलं अंतर वाढवून देतो. इंग्रजी मोठी अक्षरं तशी डौलदार दिसतात. कानडी अक्षरांना सलग रेघ नसते, त्यांना थोडं अंतर सोसतं. देवनागरीत ते अंतर सरळ शिरोरेषेत भेग पाडतं. थीमकाराला हे कधी दिसलंच नसणार. दुसरं खुपलं ते उकार-मात्रांचं: ओळींमधलं अंतर इतकं कमी की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकींना भिडत होत्या.

मुलाने या दोन्हींवर इलाज केलेला होता, आणि चांगला केला होता. पण त्याच्या ओळी जशाच्या तशा चाइल्ड थीममध्ये आणल्या तर अर्ध्या लागूच झाल्या नाहीत, कारण आवृत्ती ३ मध्ये थीमकाराने क्लासांची (सीएसएसचे नियम ज्या खुणांवर लागतात त्यांची) नावं बदलली होती. बदल टिकवला तरी तो चालेलच असं नाही, हे इथे उघड झालं. म्हणून त्याच्या सीएसएसची ओळ न् ओळ आणायचा नाद सोडला. प्रत्येक नियम कशासाठी होता हे शोधलं आणि तेवढंच नव्याने लिहिलं: शीर्षकांत अक्षरांमधलं अंतर शून्य, ओळींमधलं अंतर वाढवलेलं, संमेलनाच्या पानावरच्या फोटोंची मांडणी. बाकीचं सगळं जुन्या थीमच्या उणिवांवरचं ठिगळ होतं. नव्या थीमला त्याची गरज नव्हती.

एखाद्याकडे फक्त रंग आणि आकारच बदललेले असतील तर त्याने चाइल्ड थीमच्या वाटेला जाऊच नये, असं माझं मत आहे. वर्डप्रेस ४.७ पासून, म्हणजे डिसेंबर २०१६ पासून, कस्टमायझरमध्ये (थीमच्या दिसण्याच्या सेटिंग्जच्या पानावर) अतिरिक्त सीएसएसची जागा आहे. तिथलं सगळं डेटाबेसात साठतं, थीमच्या फोल्डरात नाही, त्यामुळे अपडेट त्याला शिवत नाही. आम्हाला संमेलनाच्या पानाची स्वतंत्र फाइल ठेवायची होती, म्हणून चाइल्ड थीम लागली.

चाइल्ड थीम बनवण्यात फारसं काही नाही. एक फोल्डर, त्यात स्टाइलची फाइल, तिच्या डोक्यावर मूळ थीमच्या फोल्डराचं नाव अचूक, आणि एक फंक्शन्सची फाइल. लोक हटकून अडखळतात ते या दुसऱ्या फायलीत. बाकीच्या फायलींचा न्याय इथेही लागू असेल असं समजून मूळ थीमची अख्खी फंक्शन्स फाइल कॉपी करतात. फंक्शन्सचं तसं नसतं. चाइल्डची आधी चालते आणि लगेच मूळचीही चालते. एकाच नावाचं फंक्शन दोनदा भेटलं की साइट तिथेच कोसळते. चाइल्डच्या फायलीत फक्त स्वतःचं लिहायचं. आमच्या फायलीत स्टाइल जोडण्यापलीकडे काही नाही.

बदलाचा दिवस

वेळ मुद्दाम पावसाळ्यातली निवडली. भात लावणीच्या दिवसांत गावात वेबसाइट उघडायला कुणाला सवड नसते, आणि गणपती यायला अजून अवकाश असतो. डिसेंबरात, निमंत्रणपत्रिका फिरत असताना असल्या कामाला हात घालणं म्हणजे आपणहून संकट ओढवून घेणं. पावसाळ्याचा एक तोटाही आहे: हेस्कॉमची वीज कधी जाईल सांगता येत नाही. एफटीपीने शेकडो फायली चढवताना मधेच वीज गेली तर सर्व्हरवर अर्धी थीम राहते. म्हणून चाइल्ड थीमची झिप डॅशबोर्डवरून चढवली आणि मूळ थीमचं अपडेटही तिथूनच केलं. एकदा सुरू झाल्यावर उतरवणं-उलगडणं सर्व्हरच करतो.

क्रमही ठरलेला होता. आधी एमयू-प्लगिन जागेवर ठेवताना जुन्या फंक्शन्स फायलीतला तोच कोड काढला, नाहीतर पुन्हा दोनदा नोंदणी. मग मूळ थीम अपडेट, मग चाइल्ड थीम चालू, आणि सगळं लागल्यावर शेवटी पीएचपी. दोन मोठे बदल एकदम केले आणि काही मोडलं, तर कशामुळे मोडलं ते शोधण्यात रात्र जाते.

चाइल्ड थीम चालू करताच वाचनालयाचं बोधचिन्ह गायब झालं, रंग थीमकाराच्या मूळ निळ्यावर गेले. गुरुजी शेजारी बसले होते, त्यांचा चेहरा उतरला. हे होणार हे प्रयोगाच्या प्रतीवर आधीच दिसलं होतं. बोधचिन्ह, रंग, कस्टमायझरमधल्या निवडी वर्डप्रेस थीमच्या फोल्डराच्या नावाने डेटाबेसात ठेवतं. चाइल्ड थीमचं फोल्डर वेगळं, म्हणून तिची पाटी कोरी. मेनू सहसा नव्या थीमच्या जागांवर आपोआप बसतात, तसे इथेही बसले. बाकीचं ऑप्शन्स टेबलातल्या मूळ थीमच्या नोंदीतून चाइल्डच्या नोंदीत उतरवलं. ज्याला डेटाबेसात शिरायची भीती वाटते त्याने आधीच कस्टमायझरच्या सगळ्या खणांचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत आणि हाताने परत भरावं. छोट्या साइटला तेवढं पुरतं.

त्यानंतरची तपासणी कंटाळवाणी, पण टाळता येत नाही. प्रत्येक संमेलनाची जुनी लिंक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून उघडून पाहिली, कारण लोकांकडे आहे ती तीच. स्मरणिकेच्या पीडीएफ, संपर्काचा फॉर्म, शोध, फीड, सगळं एकेक करून. एका विश्वस्तांच्या फोनवर नाव अजून तुटकंच दिसत होतं. ब्राउझरने जुनी स्टाइल धरून ठेवली होती. स्टाइलच्या फायलीला जोडलेला आवृत्तीचा आकडा वाढवल्यावर ते सुटलं.

पुढची देखभाल

थीमची पुढची आवृत्ती आली तेव्हा बघायला एकच फाइल होती. चाइल्ड थीममधलं संमेलनाचं पान मूळ थीमच्या लेखाच्या पानावरून बेतलंय, त्यामुळे दर अपडेटला मूळ थीमच्या त्या एका फायलीत काय बदललं ते विनमर्जमध्ये पाहायचं. त्या खेपेला थीमकाराने मुख्य चित्र दाखवण्याची पद्धत बदलली होती, तेवढ्या ओळी आमच्या फायलीत घेतल्या. चाइल्ड थीम आणि प्लगिन दोन्ही आता गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत) आहेत, आणि प्रत्येक बदलाशेजारी तो का केला ते मराठीत लिहिलेलं आहे. पुण्यातल्या त्या मुलालाही प्रवेश दिलाय. संमेलनांच्या यादीत वर्षाप्रमाणे गाळण्याची सोय त्यानेच नंतर घातली, यावेळी प्लगिनमध्ये.

वर्डप्रेस ५.५ पासून थीमचं स्वयंचलित अपडेट चालू करता येतं. ते आम्ही बंद ठेवलंय. नुसती चाइल्ड स्टाइल असती तर बेलाशक चालू केलं असतं, पण संमेलनाच्या पानाची फाइल आधी पडताळून घ्यावी लागते. डिसेंबर ते फेब्रुवारी सुरक्षेची दुरुस्ती नसेल तर थीमला हात लावायचा नाही, असं समितीच्या वहीत लिहून घेतलंय. ही थीम थीमकाराने उद्या सोडून दिली तर काय, असं एका सदस्यांनी विचारलं. संमेलनं, तारखा आणि कानडी नाव थीमच्या बाहेर आहेत, ती नव्या थीमबरोबर आपोआप येतील. संमेलनाच्या पानाची फाइल आणि शीर्षकांची सीएसएस मात्र नव्या थीमवर परत लिहावी लागेल, आणि तेवढ्या कामाचा अंदाजखर्च समितीकडे देऊन ठेवलाय.